इंग्लंडच्या प्राथमिक शाळेतला वर्णद्वेष: मराठी पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

रविवारच्या मराठी वर्गाला मुलांना सोडलं की आम्ही पालक बाहेर पार्किंगमध्ये बोलत उभे असतो. मी इथल्या एका प्राथमिक शाळेत पालक-गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर पालकांची प्रतिनिधी आहे आणि ही माझी दुसरी टर्म. ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे दर दोन-चार आठवड्यांनी कुणीतरी मला बाजूला घेतं आणि हळू आवाजात विचारतं, "ताई, शाळेत असं असं झालं. बोलावं का?" तेच प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कायद्याचे तपशील इंग्लंडचे आहेत. इतर भागांबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलाला वर्णद्वेष कळतो तरी का?

शब्द कळत नाही, पण क्रम कळतो. कोण चांगलं, कोण वाईट, कुणाशी खेळायचं आणि कुणाशी नाही, हे मूल फार लवकर टिपतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या मुलांपुढे रंग सोडला तर अगदी सारख्या बाहुल्या ठेवल्या. "चांगली कोणती?" असं विचारल्यावर बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनीही गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवलं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं, त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे.

रिसेप्शनमधलं, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गातलं चार-पाच वर्षांचं पोर विचारसरणी घेऊन शाळेत येत नाही. घरात, बसमध्ये, आजोबांच्या तोंडून, फोनच्या पडद्यावर जे ऐकलं ते ते बोलून बघतं. समोरच्याला लागतं मात्र खरं. आपल्या घरांतही "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" हे वाक्य मुलं ऐकत असतातच. तेसुद्धा क्रम शिकवणंच आहे.

शाळा नेमक्या कशाला 'वर्णद्वेषी घटना' म्हणते?

यामागे एक खून आहे. २२ एप्रिल १९९३ रोजी आग्नेय लंडनच्या एल्टम भागात बसस्टॉपवर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून मारलं. पोलिसांनी तपासात केलेल्या हयगयीची चौकशी सर विल्यम मॅकफर्सन यांनी केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात ७० शिफारशी होत्या. त्यातली व्याख्या आजही बहुतेक शाळांच्या धोरणांत सापडते: जिच्यावर ती घटना घडली त्या व्यक्तीला किंवा दुसऱ्या कुणालाही जी घटना वर्णद्वेषी वाटते, ती वर्णद्वेषी घटना.

"म्हणजे कुणीही काहीही म्हणेल आणि ते खरं धरायचं?" असं मला पहिल्याच बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं होतं. तसं नाही. ही व्याख्या निकाल देत नाही, दार उघडते. कुणाला तसं वाटलं म्हणजे शाळेने ती गोष्ट त्या नावाने लिहून घ्यायची आणि मग बघायची. बघितल्यावर गैरसमज होता असं निघालं तर तसंही लिहायचं. या व्याख्येआधी उलट चालायचं: हेतू सिद्ध झाल्याशिवाय नावच द्यायचं नाही. सहा वर्षांच्या मुलाचा हेतू कोण आणि कसा सिद्ध करणार? त्यामुळे काहीच लिहिलं जायचं नाही.

एकदाच झालं असेल तर ते 'बुलिंग' धरतात का?

सहसा नाही. बुलिंग म्हणजे पुन्हा पुन्हा, जाणून, आणि ताकदीचा फरक वापरून दिलेला त्रास. एकदाच उच्चारलेली शिवी त्या व्याख्येत बसत नाही, पण वर्णद्वेषी घटना म्हणून तिची नोंद व्हायला हवी. शाळेने "हे बुलिंग नाही" एवढंच सांगून विषय मिटवला तर विचारा, "बरं, मग वर्णद्वेषी घटना म्हणून नोंद केलीत का?" हा एक प्रश्न पुष्कळ काम करतो.

अशी नोंद करणं शाळेला कायद्याने बंधनकारक आहे का?

इथे बऱ्याच पालकांची समजूत चुकते, म्हणून सविस्तर सांगते.

मॅकफर्सन अहवालाने सुचवलं होतं की शाळांनी प्रत्येक वर्णद्वेषी घटना लिहावी, पालकांना, गव्हर्नरांना आणि स्थानिक शिक्षण प्राधिकरणाला कळवावी, आणि आकडे दरवर्षी शाळानिहाय प्रसिद्ध व्हावेत. पाठोपाठ २००० साली वंशसंबंध कायद्यात दुरुस्ती झाली आणि शाळांना वंशसमानतेचं लेखी धोरण ठेवावं लागलं. त्या दशकात अनेक काउन्सिल, म्हणजे स्थानिक प्रशासनं, शाळांकडून ठरावीक फॉर्मवर नोंदी मागवत. त्यावर टीकाही झाली: लहान मुलांच्या भांडणांचे कागद होतात, शिक्षक मुलांशी मोकळं बोलायला बिचकतात. ही टीका मी सरसकट उडवून लावत नाही. फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं मानणाऱ्या शाळा होत्या आणि आजही आहेत.

आज इंग्लंडमध्ये प्रत्येक वर्णद्वेषी घटना मोजून काउन्सिलला कळवा, असं सांगणारा देशव्यापी कायदा नाही. काही काउन्सिल अजूनही आकडे मागवतात, काही नाही. पण दुसऱ्या तीन वाटांनी शाळा बांधलेली असते. एक, २००६ च्या शिक्षण व तपासणी कायद्याप्रमाणे हेडटीचरने सर्व प्रकारचं बुलिंग रोखण्याचे उपाय ठरवायलाच हवेत. दोन, २०१० च्या समानता कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांवर भेदभाव दूर करण्याचं आणि वेगवेगळ्या गटांत चांगले संबंध वाढवण्याचं कर्तव्य टाकलं आहे. आपली समानतेची उद्दिष्टं शाळेला किमान दर चार वर्षांनी प्रसिद्ध करावी लागतात. ती शाळेच्या वेबसाइटवर असतात, जरूर वाचा. तीन, बालसुरक्षेच्या ज्या सरकारी मार्गदर्शनाची नवी आवृत्ती दर सप्टेंबरला येते, त्यात मुलांनी मुलांवर केलेल्या छळात पूर्वग्रहातून होणारं बुलिंग स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय ऑफस्टेडचे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे तपासनीस अशा नोंदी पाहायला मागतात.

नोंद कुठे होते आणि कोण बघतं?

बहुतेक शाळांत आता यासाठी सॉफ्टवेअर असतं. वर्गशिक्षिका, टीचिंग असिस्टंट किंवा जेवणाच्या सुट्टीत देखरेख करणाऱ्या बाई, ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं त्यांनी त्याच दिवशी लिहायचं: कधी, कुठे, कोण होतं, नेमके शब्द काय, पुढे काय केलं. नेमके शब्द महत्त्वाचे. "अयोग्य भाषा वापरली" असं लिहिलं की सगळं पुसलं जातं. ही नोंद सेफगार्डिंगची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या शिक्षकांकडे जाते. गव्हर्नरांपुढे मुलांची नावं येत नाहीत, आकडे आणि कल दिसतात.

एखाद्या सत्राचा आकडा शून्य आला की मला समाधान वाटत नाही. चारशे मुलांच्या शाळेत तीन महिन्यांत रंगावरून, नावावरून, भाषेवरून कुणी कुणाला काहीच बोललं नाही, हे संभवत नाही. मोठ्यांच्या कानावर आलं नाही किंवा कानावर येऊन लिहिलं गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा आकडा वाढतो तेव्हा शाळा बिघडली असं समजू नका. बऱ्याचदा मुलं सांगायला लागलेली असतात.

एवढ्याशा गोष्टीची नोंद करायला लावून काय मिळणार?

माझ्या मुलीचं सांगते. ती इयर टूमध्ये, म्हणजे सहा-सात वर्षांची होती. मी गव्हर्नर नव्हते आणि ही शाळाही वेगळी होती. मैदानात शिवाशिवीचा एक खेळ चालायचा. तिने ज्याला शिवलं त्याला 'ब्राऊन' लागायचं, मग तो दुसऱ्याला शिवून ते झटकायचा. राज्य नेहमी तिच्यावरच. घरी तिने एवढंच सांगितलं की मला पळून पळून कंटाळा येतो. बरेच दिवस गेल्यावर एका रात्री केस विंचरताना खेळाचं नाव तिच्या तोंडून निघालं.

मी शाळेत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, खेळात वाद झाला होता, मुलींशी बोललो आहोत. मी घरी येऊन ईमेल लिहिला. त्यात खेळाचं नाव, नियम, साधारण तारखा लिहिल्या आणि वर्णद्वेषी घटना म्हणून नोंद करावी अशी विनंती केली. नोंद करायची म्हणून देखरेखीच्या बायकांना विचारावं लागलं, तेव्हा कळलं की हाच खेळ दुसऱ्या वर्गातल्या एका सोमाली मुलाबरोबरही चालू होता आणि त्याच्या आईपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. दोन वेगळे 'वाद' एका कागदावर आले तेव्हा कुठे तो एकच प्रकार आहे हे शाळेला दिसलं. मी नोंदीचा आग्रह धरते तो यासाठी.

इतक्या लहान मुलाला शाळा शिक्षा करते का?

प्राथमिक शाळेत नेहमीचा क्रम असा असतो: दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलणं, ज्याला लागलं त्याला आधी धीर देणं, बोलणाऱ्याला ते शब्द का लागतात ते समजावणं, दोन्ही घरी कळवणं, आणि दोघांची तयारी असेल तर समोरासमोर बसवणं. सुट्टीतला खेळ थोडा वेळ बंद होऊ शकतो. वारंवार आणि गंभीर असेल तर निलंबनही होऊ शकतं. सरकार निलंबनांची जी आकडेवारी दरवर्षी काढतं, तिच्यात वर्णद्वेषी शिवीगाळ हे वेगळं कारण मोजलं जातं. कुठल्याही मुलाला एका शैक्षणिक वर्षात ४५ शालेय दिवसांपेक्षा जास्त निलंबित करता येत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की पाच-सहा वर्षांच्या मुलाला लाज वाटायला लावून काही शिकवता येत नाही. आणि "लहान आहे, कळत नाही" म्हणून सोडूनही देता येत नाही. पहिल्या मुलाला कळत नसलं तरी दुसऱ्याला ते कळलेलं असतं.

नुसतं धोरण कडक असून भागत नाही, याचं इथलं सर्वांत दुःखद उदाहरण मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलचं आहे. सप्टेंबर १९८६ मध्ये त्या शाळेच्या आवारात अहमद इक्बाल उल्ला या १३ वर्षांच्या बांगलादेशी मुलाला शाळेतल्याच एका गोऱ्या मुलाने भोसकून मारलं. बॅरिस्टर इयन मॅकडोनल्ड यांच्या समितीने चौकशी केली. शाळेकडे वर्णद्वेषविरोधी धोरण होतं. पण समितीच्या मते ते वरून लादलेलं होतं, गोरी मुलं आणि त्यांचे पालक यांना त्यात घेतलंच नव्हतं, त्यांना जणू आधीच दोषी धरलं होतं. समितीने वर्णद्वेषविरोध सोडा असं म्हटलं नाही. सगळ्यांना बरोबर घेऊन करा असं म्हटलं. मँचेस्टरमध्ये अहमदच्या नावाचं वाचनालय आणि शिक्षणकेंद्र आज काम करतं आहे.

तक्रार कशी करावी?

आधी वर्गशिक्षिकेला, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भेटा. मग छोटा ईमेल पाठवा, कारण गेटवर उभ्या उभ्या झालेलं बोलणं दोन्हीकडचे लोक विसरतात. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा. ते मराठीत सांगत असेल तर मराठी शब्द देऊन शेजारी अर्थ द्या. "तुमची शाळा वर्णद्वेषी आहे" असं पहिल्या ईमेलमध्ये लिहू नका. समोरचा माणूस बचावात शिरतो आणि आपल्या मुलाची गोष्ट मागे राहते. काय झालं, आमच्या मुलावर काय परिणाम दिसतो, नोंद झाली का आणि पुढे काय करणार, एवढं पुरेसं आहे.

आठवड्याभरात काही हललं नाही तर हेडटीचर, मग शाळेच्या तक्रार धोरणानुसार गव्हर्नर. शेवटी शिक्षण खात्याकडे जाता येतं. दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना स्वतः गाठू नका, विशेषतः पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी असे दोन प्रसंग जवळून पाहिले, दोन्ही वेळा मुलांचा प्रश्न बाजूला पडला आणि मोठ्यांचं भांडण वर्षभर चाललं.

त्या मुलाला काय शिक्षा झाली ते शाळा सांगेल का?

नाही. ती दुसऱ्या मुलाची खासगी माहिती आहे. तुमच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी काय केलं, हे मात्र सांगायला हवं. तुमच्या मुलाबद्दलच्या नोंदी तुम्हाला लेखी मागता येतात. डेटा संरक्षण कायद्याखाली साधारण एका महिन्यात उत्तर मिळायला हवं.

नाव बिघडवणं, डब्याच्या वासावरून चिडवणं, हेही यात येतं का?

येऊ शकतं. ज्ञानदाचं किंवा शार्दूलचं नाव पहिल्यांदा चुकणं स्वाभाविक आहे. बरोबर सांगूनही मुद्दाम वेडंवाकडं म्हणणं, त्यावर हसणं, किंवा शिक्षिकेने स्वतःच "मी तुला डॅनी म्हणते" असं ठरवून टाकणं वेगळं. डब्यातल्या मेथीच्या पराठ्याकडे बघून "हे काय आहे?" हा प्रश्न आहे. "तुम्ही लोक घाण खाता" हा प्रश्न नाही. 'पाकी' ही शिवी तर भारतीय, बांगलादेशी, पाकिस्तानी कुणालाही दिली तरी वर्णद्वेषीच. अशा वेळी "पण आम्ही पाकिस्तानी नाही" असं मुलाला शिकवू नका. तसं म्हटल्याने शिवी तशीच राहते, फक्त शेजारच्या मुलाकडे सरकते.

माझ्याच मुलाने वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाला काहीतरी म्हटलं. शाळेतून फोन आला. आता?

हा प्रश्न मला सर्वांत कमी वेळा विचारला जातो. तो जास्त विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

फोनवर "आमच्या घरी असं नाही" हे पहिलं वाक्य टाळा. ऐकून घ्या, नेमके शब्द विचारा. मग मुलाजवळ बसून शांतपणे विचारा की हे कुठे ऐकलंस. उत्तर बऱ्याचदा आपल्याजवळ येऊन थांबतं. आपण घरात 'काळ्या', 'कल्लू', 'चिंकी', 'नकटा' असे शब्द सहज वापरतो. सुनेच्या रंगाबद्दल, नव्या बाळाच्या रंगाबद्दल फोनवर तासभर बोलतो. वस्ती बदलायची ठरते तेव्हा "तिकडे काळे फार आहेत" म्हणतो आणि मूल मागच्या सीटवर बसलेलं असतं. मराठी शब्द शिक्षिकेला कळणार नाही असं वाटतं, पण मूल त्याचं इंग्रजी करून वर्गात नेतं.

माझ्या ओळखीच्या एका आईने अशा फोननंतर जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. तिने मुलाला रागावून माफीचं कार्ड करायला लावलं नाही. आधी तिने आणि नवऱ्याने मुलासमोर कबूल केलं की हा शब्द आम्ही वापरतो, तो चूक आहे, आजपासून बंद. दोघांपैकी कुणाच्या तोंडून निघाला तर मुलाने टोकायचं. दोन आठवडे मुलगा रोज टोकत होता. पुण्याहून आलेल्या आजींनाही त्याने सोडलं नाही. नंतर त्याने आपणहून त्या वर्गमित्राला वाढदिवसाला बोलावलं.

नोंद झाली म्हणजे मुलावर कायमचा शिक्का बसतो का?

ती शाळेची अंतर्गत नोंद असते, पोलिसी गुन्हा नव्हे. इंग्लंडमध्ये दहा वर्षांखालच्या मुलावर फौजदारी गुन्हा दाखल होऊच शकत नाही. काउन्सिल आकडे मागवते तेव्हा साधारणपणे घटनांची संख्या आणि प्रकार जातात. शाळा बदलताना सेफगार्डिंगची फाइल असेल तर ती नव्या शाळेकडे जाते. त्यामुळे तुमची बाजूही नोंदीत यावी असं वाटत असेल तर ती लिहून द्या.

शिक्षक किंवा शाळेचे कर्मचारीच तसं वागले तर?

इथे कायदा जास्त थेट आहे. एका मुलाचं दुसऱ्या मुलाशी वागणं समानता कायद्याच्या कक्षेत थेट येत नाही, पण शाळेचं मुलाशी वागणं येतं. इतर बुलिंगची दखल घेणारी शाळा वर्णावरून होणारं बुलिंग हलक्यात घेत असेल, तर तोही भेदभाव ठरू शकतो. दावा काउंटी कोर्टात जातो आणि मुदत घटनेपासून सहा महिन्यांची असते. शाळेची अंतर्गत तक्रार चालू असली तरी ही मुदत आपोआप थांबत नाही. इक्वालिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिसच्या मदत-लाइनवर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपल्याच मुलांमध्ये जातीवरून बोललं गेलं तर?

होतं हे. आडनाव विचारून अंदाज बांधणं, "तुमच्यात मटण चालतं ना" असं नाक मुरडून म्हणणं, हे इथे जन्मलेली मुलंही आपल्याकडूनच उचलतात. समानता कायद्यात वंश म्हणजे रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ. जात हा शब्द त्यात स्वतंत्रपणे नाही. २०१३ मध्ये संसदेने सरकारला तो घालायला सांगितलं होतं. २०१८ मध्ये सरकारने न घालण्याचा निर्णय घेतला आणि न्यायालयांच्या निकालांवर विसंबायचं ठरवलं. २०१४ मध्ये रोजगार अपील न्यायाधिकरणाने जात काही परिस्थितींत 'वांशिक मूळ' यात मोडू शकते असं म्हटलं होतं. शाळेच्या बुलिंग-विरोधी धोरणाला मात्र या वादात अडकायची गरज नाही. जन्मावरून मुलाला कमी लेखणं तिथे सरळ बसतं. शिक्षकांना हे ओळखता येत नाही, त्यामुळे आपण समजावून सांगावं लागतं. मराठी वर्ग चालवणाऱ्या मंडळांनीही आपलं लेखी धोरण करावं. आमच्या वर्गाने ते केलं तेव्हा एक-दोन जण नाराज झाले, पण धोरण राहिलं.

शाळेत दिवाळी साजरी होते. ते पुरेसं नाही का?

दिवाळी छानच. मीही दरवर्षी पणत्या घेऊन जाते. पण १९८० च्या दशकातच इथल्या शिक्षणतज्ज्ञांनी अशा कार्यक्रमांना "साड्या, समोसे आणि स्टीलबँड" असं नाव देऊन त्यांची मर्यादा दाखवली होती. समोसा आवडीने खाणारं मूल दुसऱ्या दिवशी मैदानात 'ब्राऊन' झटकू शकतं. शाळेला विचारायचं ते हे: वर्गातल्या पुस्तकांत कोणाचे चेहरे आहेत, इतिहासात कोण येतं, देखरेखीच्या बायकांना प्रशिक्षण मिळालं आहे का?

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काय?

उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ चा कायदा सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. तिथे बुलिंगची प्रत्येक घटना, तिच्यामागच्या कारणासकट, नोंदणं शाळेला बंधनकारक आहे. इंग्लंडने हे उचलावं असं मला वाटतं. वेल्सच्या सप्टेंबर २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य समाजांचा इतिहास सक्तीचा आहे. स्कॉटलंडमध्ये फौजदारी जबाबदारीचं वय १२ आहे.

मूल घरी काही सांगतच नाही. कसं ओळखायचं?

"आज शाळेत कुणी त्रास दिला का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा खेळाबद्दल विचारा. आज काय खेळलात, राज्य कुणावर होतं, डबा कुणाशेजारी बसून खाल्लास? अचानक डब्यात फक्त सँडविच मागणं, शाळेच्या गेटवर मराठीत बोललं की हात सोडवणं, चित्रात स्वतःला गुलाबी रंगवणं, आजीला साडी नेसून घ्यायला येऊ नकोस म्हणणं, या गोष्टींकडे लक्ष द्या. प्रत्येक वेळी त्यामागे काही असेलच असं नाही.

आणि मूल सांगेल तेव्हा आपला चेहरा सांभाळा. आपण संतापलो किंवा रडलो तर मूल पुढच्या वेळी आपल्याला वाचवण्यासाठी गप्प बसतं. "मला सांगितलंस ते बरं केलंस. ते चूक बोलले, तुझं काही चुकलं नाही. आता मी बाईंशी बोलते," एवढं म्हणा आणि सकाळी खरंच जाऊन बोला.